पॅसिफिकात फुटलेला नारळ

"समुद्र म्हणजे काय हो? मोठा तलावच! तलावाले मातीची पार असते, त्याले पार नसते. एवढाच फरक!"

आंबेटोल्याच्या पानठेल्यावर मुखरूभाऊंनी हे जाहीर केलं तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. खुद्द मुखरूभाऊंनीही नव्हता. पण बरीच वर्षं सरपंचकी केलेली असल्यामुळे, न पाहिलेल्या गोष्टीवर बोलण्यात त्यांचा हात धरणारा वैनगंगेच्या दोन्ही काठांवर कुणी नव्हता. जातीनं ढीवर. आजा-पणज्यापासून तलावात जाळी टाकणारं घराणं. "पाण्याचं आमाले सांगू नका!" हे त्यांचं आवडतं वाक्य.

दुसरं आवडतं वाक्य होतं, "होऊन जाते!"

नाली पाहिजे? होऊन जाते! समाजमंदिर? होऊन जाते! हायवेपासून गावापर्यंत रस्ता? अरे, होऊन जाते ना बाप्पा! आणि प्रत्येक 'होऊन जाते'च्या मागोमाग भूमिपूजन, कुदळ, हार आणि एक नारळ. भाऊंनी फोडलेल्या नारळांचं खोबरं गोळा केलं असतं तर अख्ख्या तालुक्याला चटणी पुरली असती. कामांपैकी एक नाली तेवढी खरोखर झाली होती. तीही पावसाळ्यात गावातलं पाणी बाहेर न्यायच्या ऐवजी नदीचं पाणी शाळेत आणायची.

यात लबाडी नव्हती बरं का! भाऊंची खरीच समजूत होती की नारळ फुटला म्हणजे काम झालं. गिट्टी, सिमेंट, मजूर हे सगळं मागचं किरकोळ. त्यामुळे गेल्या निवडणुकीत गावानं त्यांना घरी बसवून धनराज नावाच्या तरण्या गड्याला सरपंच केलं, ते का केलं, हे त्यांना अजून उमगलेलं नव्हतं.

अशा या भाऊंची लेक भाग्यश्री मात्र बापावर गेली नव्हती. नागपूरला मत्स्यशास्त्र शिकली आणि थेट पॅसिफिक महासागरात, बेटाबेटांतून पाहुणे फिरवणाऱ्या एका छोट्या जहाजावर नोकरीला लागली. पाहुण्यांना पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ दाखवायचं तिचं काम.

"दाखवते फक्त? पकडत नाई?" भावकीनं विचारलं.

"नाई."

"अन् त्याचा पगार भेटते?"

भावकी त्या दिवसापासून भाग्यश्रीकडे जरा संशयानंच बघू लागली.

नोकरी अजून पक्की नव्हती. एक पूर्ण सफर नीट पार पडली की कप्तान ठरवणार होता, ठेवायचं की घरी पाठवायचं. त्याच सफरीत जहाजावर एक खोली रिकामी राहिली, आणि कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना ती फुकट देऊ केली. भाग्यश्रीनं मोठ्या मायेनं आईबाबांना बोलावून घेतलं. मग फिजीच्या बंदरात बाबांना जाकीट घालून, छाती काढून, चारी दिशांना नमस्कार करत येताना पाहिलं आणि ती पळतच त्यांच्यापाशी गेली.

"बाबा, एकच सांगते. बोटीवर भाषण नाई द्यायचं."

"मी काऊन देऊ?"

"अन् कोणाले काई कबूल नाई करायचं. माही नोकरी या कप्तानाच्या हातात हाये."

"मी कुठी कबूल करतो?"

रुखमाबाई, म्हणजे भाऊंची बायको, मागून म्हणाली, "पोरी, त्यापेक्षा याईले इथीच पाण्यात सोडून दे. ते सोपं जाईन तुले."

कप्तानाचं आडनाव मरे होतं. बोट चालवणाऱ्या माणसाला 'मरे' म्हणायचं म्हणजे अपशकुन, म्हणून रुखमाबाई त्याला पहिल्या दिवसापासून 'जगेसाहेब' म्हणू लागली. त्यालाही ते आवडलं.

पाण्याचं ज्यांना कुणी सांगायचं नव्हतं ते मुखरूभाऊ पहिली रात्रभर बादलीला मिठी मारून पडले होते. "रुखमा... याले पार पाह्यजे होती वो..." एवढंच ते मधूनमधून म्हणायचे. रुखमाबाई तोवर जेवणघरात जर्मन म्हाताऱ्यांच्या पंगतीला बसून, माशात मीठ कमी आहे असं खुणांनी आचाऱ्याला समजावत होती.

सकाळी डोळे उघडले तर समोर बेट! हिरवेगार डोंगर थेट पाण्यातून वर आलेले, मधून खळाळत येणारी नदी, कडेला केळी, फणस, आंबे.

"हे तं आपलं भामरागडच हाये!" भाऊ उठून बसले. भामरागड दिसल्याबरोबर त्यांची मळमळ गेली.

आता झालं असं. त्या बेटावर पाय ठेवायचा तर एक रीत होती. पाहुण्यांच्या टोळीनं आपला एक प्रमुख निवडायचा. त्यानं गावच्या प्रमुखासमोर चटईवर बसायचं, कावा नावाच्या झुडपाच्या मुळ्यांची जुडी भेट द्यायची, त्याच मुळ्यांचं पेय प्यायचं, आणि मग सगळ्यांना गावात मोकळीक. जहाजावरचे पाहुणे म्हणजे पेन्शनीत निघालेले जर्मन आणि ऑस्ट्रेलियन. प्रमुख कोण होणार? बर्लिनच्या एका जुन्या हेडमास्तरीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. अर्ध्या चड्ड्या, फुलाफुलांचे शर्ट, सोललेली नाकं. आणि या सगळ्यांत एकच माणूस पांढरेशुभ्र कपडे, जाकीट आणि कल्लेदार मिशा घेऊन उभा! बाईंनी बोट केलं. सगळ्यांनी हात वर केले.

"काय झालं?" भाऊंनी लेकीला विचारलं.

"तुमाले प्रमुख निवडलं," भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

"बिनविरोध?"

"हो."

भाऊंचे डोळे भरून आले. गावानं पाडलं, पण पॅसिफिकानं निवडून दिलं!

"बाबा, नीट ऐका. फक्त बसायचं. प्यायचं. टाळी वाजवायची. उठायचं. बस्स!"

"हे तं मी आमसभेत करतच होतो ना माय!"

भाग्यश्रीला पोहणाऱ्या पाहुण्यांची तयारी करायला किनाऱ्यावर थांबणं भाग होतं. तिनं बाबांना रामसहायच्या हवाली केलं. रामसहाय हा जहाजावरचा जुना खलाशी. त्याच्या खापरपणजोबाला ऊस तोडायला हिंदुस्तानातून फिजीत आणलेलं, म्हणून त्याला हिंदी यायची, आणि फिरून फिरून आसपासच्या साऱ्या बेटांच्या बोलीही. माणूस अत्यंत इमानदार. समोरचा जे बोलेल ते शब्दन् शब्द दुसऱ्याला सांगायचा. पुढचं सगळं रामायण या इमानदारीनं घडवलं.

गावचा प्रमुख भला दांडगा गडी होता. सगळे चटईवर बसले. भाऊंनी जुडी दिली. करवंटीतून कावा आला. भाऊंनी एका दमात रिकामी केली. चव नालीच्या पाण्यासारखी, आणि ओठांपासून टाळूपर्यंत सगळं बधिर! पण भाषण काही जिभेनं करायचं नसतं, ते सवयीनं होतं.

प्रमुख सहज गप्पा मारल्यासारखं बोलला. रामसहायनं सांगितलं, "चीफ बोले है कि बड़ा तूफान आइस रहा. घाट का पत्थर सब बह गया. अब नाव से उतरो तो कमर तक पानी. बूढ़ी औरतन को पीठ पर लाना पड़े है."

त्या बिचाऱ्यानं काही मागितलं नव्हतं. पाहुण्याला हालहवाल सांगतात तसा सांगितला. पण 'घाट वाहून गेला' हे शब्द कानावर पडले मात्र आणि मुखरूभाऊंच्या आतला सरपंच ताडकन उभा राहिला! पाठोपाठ भाऊही.

"भाइयों और बहनों!" आवाज डोंगरावर आपटून परत आला. "आपका दुख देख के मेरे को कितने दिन से नींद नई आई!" (भाऊ बेटावर येऊन अर्धा तास झाला होता.) "मै वचन देता हूं! ये घाट होएंगा! और मेरेच हात से होएंगा! कल नई, परसो नई, आजच नारियल फोडता मै!"

रामसहायनं शब्दन् शब्द सांगितलं. सभा चिडीचूप. भाऊंना वाटलं, रंगली! ते किनाऱ्यावर गेले. नारळ तिथे पायलीला पन्नास पडलेले. त्यांनी त्यातला एक उचलला. रुखमाबाईनं पिशवीतून कुंकवाची डबी काढून एका मोठ्या दगडाला बोट लावलं. नवऱ्यानं नारळ हातात घेतला की तिचा हात आपोआप डबीकडे जायचा, संसारातली सवय!

खाडकन नारळ फुटला. पाणी उडालं. तो आवाज ऐकून भाग्यश्री हातातला पोहण्याचा चष्मा टाकून पळत आली.

"बाबा! काय केलं?"

"काई नाई वो. भूमिपूजन."

गावचा प्रमुख पुढे आला. त्या पहाडासारख्या माणसाचे डोळे पाणावले होते. त्यानं भाऊंना छातीशी धरलं, आणि अख्ख्या गावानं हातांची ओंजळ करून टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या भाऊंना आंबेटोल्यात कधी मिळाल्या नव्हत्या. तिथे लोक टाळ्या वाजवता वाजवता हसायचे.

रात्री भाऊ समाधानानं झोपले. घाटाचं काम त्यांच्या लेखी झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजायला लागले. जहाज दुपारच्या आत निघायचं होतं, आणि किनाऱ्यावर सगळं गाव उभं! दगडांच्या राशी, झाडांचे बुंधे, दोरखंड, पहारी. बाजूला खड्ड्यात गरम दगडांवर आख्खं डुक्कर भाजत होतं.

"चीफ बोले है, सब तैयार है," रामसहाय म्हणाला. "अब बड़का चीफ अपना आदमी लेके आवे, काम सुरू करे."

"कायका काम?" भाऊ दात घासत होते. "काम तो कल हो गया ना!"

"कहाँ हुआ?"

"अरे, नारियल नई फोडा क्या?"

"हाँ," रामसहाय शांतपणे म्हणाला. "वही तो. नारियल फोड़ा, तभी तो सब आय गइन."

भाऊंनी ब्रश तोंडातून काढला. नारळ फोडल्यावर लोक खरंच कामाला येतात, असा देश पृथ्वीवर असू शकतो, हे त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं.

मग जगेसाहेब आला. त्याला सगळा प्रकार कळला. त्यानं प्रमुखाला निरोप धाडला की जहाजाला वेळापत्रक आहे, आम्हाला निघायला हवं. प्रमुखाचं उत्तर आलं: खुशाल जा. पण आमच्यात कावा पिऊन दिलेला शब्द मोडणाऱ्याला पुन्हा किनारा नसतो, आणि बोटीच्या आधी बातमी पोचते. कप्तानानं ते ऐकलं आणि भाग्यश्रीकडे पाहिलं.

"तुझे वडील?"

"हो सर."

"हं," तो म्हणाला. नोकरी जाताना साधारण असाच आवाज होतो.

रुखमाबाई नवऱ्याकडे वळली. "ऐकलं? आता पोरीची नोकरी तुमच्या डोक्शावर. उचला दगड!"

सगळं जहाज खाली उतरलं. भाऊंना वाटलं होतं, आपण छत्रीखाली उभं राहून देखरेख करू. पण तिथली रीत अशी की पहिला दगड प्रमुखांनी उचलायचा. गावच्या प्रमुखानं स्वतः एक उचलला आणि दुसरा दोन्ही हातांनी भाऊंना दिला. भाऊंनी तो सत्कार समजून घेतला. सत्कार बराच जड निघाला! कमरेत कळ आली, जाकीट उसवलं, पण खाली ठेवायची सोय नव्हती. मागे हेडमास्तरीणबाई दगड घेऊन उभ्या होत्या आणि जर्मनमध्ये 'पुढे सरका' असं काहीतरी म्हणत होत्या.

दिवसभर हेच. निवृत्त दातांचे डॉक्टर दगड वाहत होते, एक न्यायाधीश गुडघाभर पाण्यात पहार धरून उभे होते. कुणीही कुरकुर करेना! उलट अशी मजा तिकिटाच्या पैशात कुठे मिळते, असा त्यांचा चेहरा. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घाट झाला. खरा दगडाचा, पाय ठेवला तर न हलणारा घाट! एक म्हातारी नावेतून उतरली आणि लुगड्यासारखं गुंडाळलेलं वस्त्र न भिजवता चालत घरी गेली. भाऊ बघतच राहिले. त्यांच्या हातांना फोड आले होते आणि कंबर तिरकी झाली होती. आपण नारळ फोडलेल्या जागी खरोखर काहीतरी उभं आहे, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी लगेच फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. सरपंच धनराजचं उत्तर आलं: 'भाऊ, कंत्राटदार कोण होता? नंबर पाठवा.'

जहाज सुटलं. कप्तानानं भाग्यश्रीला बोलावून घेतलं. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"अजून एक उशीर झाला तं मले पुढच्या बंदरावर उतरवतीन. साफ सांगतलं."

भाऊंनी डोळे मिटून शपथ घेतली की आता तोंड उघडणार तर फक्त जेवायला.

जहाज उत्तरेला निघालं, दुसऱ्या बेटांच्या गटाकडे. इकडची बेटं पाहून रुखमाबाईला दयाच आली. डोंगर नाही, नदी नाही, काळी माती नावाला नाही. पांढरी वाळू, नारळाची झाडं, आणि सगळीकडे निळंशार पाणी. तव्यावर पोळी टाकावी तसं समुद्रावर बेट टाकलेलं! भाऊंना क्षितिजावर ते आधी दिसलंच नाही. झाडं पाण्यात उभी आहेत असंच वाटलं.

"इथी भूमीच नाई तं पूजन कुठचं करणार?" भाग्यश्री स्वतःला धीर देत म्हणाली.

या खेपेला तिनं पक्का बंदोबस्त केला होता. प्रमुख म्हणून हेडमास्तरीणबाईंना पुढे केलं. बाबांना शेवटच्या रांगेत, दोन धिप्पाड ऑस्ट्रेलियनांच्या मागे बसवलं. पण रेडिओचं तिला काय ठाऊक! डोंगरी बेटांवरून बातमी केव्हाच इकडे पोचली होती: एक मिशीवाला प्रमुख येतोय, तो बोलतो ते करतो! सभेच्या मोठ्या छपराखाली मधोमध एक दगड ठेवलेला. दगडाशेजारी नारळांचा ढीग. ते पाहून भाऊ ऑस्ट्रेलियनांच्या पाठीआड आणखी खाली सरकले.

त्या बेटाची प्रमुख एक म्हातारी बाई होती. वाळलेल्या खारकेसारखी, पण नजर अशी की माणसानं बटणं नीट लावून घ्यावीत. तिनं हेडमास्तरीणबाईंना मान दिला, फुलांचा हार दिला, आणि मग काहीतरी विचारलं.

रामसहाय म्हणाला, "पूछे है, नारियलवाला कहाँ है?"

दोन्ही ऑस्ट्रेलियन बाजूला झाले. भाऊ उघडे पडले. त्यांना पुढे नेऊन बसवण्यात आलं. भाग्यश्रीनं बाबांकडे पाहून हात जोडले. कप्तान खांबाला टेकून घड्याळाकडे बघत होता.

म्हातारी बोलली. सगळं छप्पर ऐकत होतं. रामसहायनं सांगितलं, "माई बोले है, समुंदर चढ़ता है. बड़ी भरती आवे तो कुआँ में घुस जाय है. पानी खारा. पेड़ मर गइन. दुसर टापू पर तुम घाट बनाया. हियाँ घाट नहीं माँगता. हमार टापू थोड़ा ऊँचा कर दो."

भाऊंनी बाहेर पाहिलं. समोर लाट येऊन वाळूवर पसरत होती. त्या लाटेपासून विहीर एवढी जवळ की आंबेटोल्यात तेवढ्या अंतरावर भाऊंनी कधी नातेवाईकही बसू दिला नसता. विहिरीच्या काठाचं माडाचं झाड वरून काळं पडलं होतं. आणि भाऊंच्या ओठांवर ते दोन शब्द आले. सवयच ती! टापू ऊँचा? होऊन जाते! एक नारळ, एक टाळी, फोटो, आणि जहाज निघून जाईल. नाही बोललो तर या माणसांचा अपमान, कप्तानाचा किनारा बंद, पोरीची नोकरी गेली. बोललो तर सकाळी सगळं बेट टोपल्या घेऊन उभं राहील!

पण खरं सांगायचं तर त्यांना अडवलं ते कप्तानानं नाही, पोरीनंही नाही. त्या नव्या घाटावरून कोरड्या पायांनी चालत गेलेली म्हातारी त्यांना दिसायला लागली. या म्हातारीला खोटं कसं सांगायचं, हे त्यांना काही केल्या सुचेना.

"नाई होत, माय," ते म्हणाले. हिंदीत नकार द्यायची कधी सवयच नव्हती, म्हणून मराठीतच आला. "माह्यानं नाई होत हे. मले माफ कर."

रामसहायला मराठी येत नव्हती, पण एवढं त्याला कळलं. त्यानं सांगितलं.

भाग्यश्रीनं डोळे मिटून घेतले.

आणि म्हातारी हसायला लागली! आधी ती, मग तिच्या शेजारणी, मग सगळं छप्पर. पोटं धरून हसत होते लोक. भाऊ भांबावून रामसहायकडे बघू लागले.

"माई बोले है, बड़ा बड़ा देस का आदमी आवे है. जहाज से आवे, हवाई जहाज से आवे. सब बोले, हाँ हाँ, होइ जाई. फोटो खींचे, चला जाय. तुम पहिला आदमी, जो बोलिस नहीं होई." रामसहाय जरा थांबला. "माई शर्त लगाइस रही कि तुम भी झूठ बोलोगे. माई हार गइस. उसका एक मुर्गी गवा."

म्हातारीनं ढिगातला एक नारळ स्वतः सोलला, टोचला आणि भाऊंच्या हातात दिला. भाऊ प्यायला लागले आणि पिता पिता रडायला लागले. रुखमाबाईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच म्हणाली, "बरं बोल्ले तुमी."

जहाज वेळेवर निघालं. अगदी मिनिटाला मिनिट.

सफर संपायच्या दिवशी कप्तानानं तिघांनाही आपल्या खोलीत बोलावलं. रामसहाय दारात उभा होता. भाऊंनी आत शिरताच हात जोडले.

"साहेब, चूक माही हाये. पोरीले नका काढू."

भाग्यश्रीला ते इंग्रजीत सांगायला वेळच मिळाला नाही. कप्तानानं खाकरून सुरुवात केली. पाहुणे खूश आहेत. इतके की पुढच्या वर्षीही दगड वाहायला मिळतील का, असं विचारतात. कंपनीही खूश आहे. भाग्यश्रीची नोकरी आजपासून पक्की.

भाग्यश्रीनं आईला मिठीच मारली. भाऊंनी जाकिटाच्या उसवलेल्या टोकानं डोळे टिपले.

"पण," कप्तान म्हणाला, "तिच्याकडे एक खास काम दिलंय. दिवाळीनंतर कंपनी एक उलटी सफर काढतेय. पाहुण्यांना बेटांवर न्यायचं नाही. बेटांवरच्या लोकांना तुमच्या गावी न्यायचं. त्यांनी आमंत्रण स्वीकारलंय."

"कोणतं आमंत्रण?" भाऊंनी विचारलं.

कप्तानानं रुखमाबाईकडे बोट केलं. सगळे तिच्याकडे वळले.

"अवो, मी कुठी काय केलं?" रुखमाबाईनं पदर सावरला. "निघतांनी बायका गळ्यात पडल्या, तं मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, आमच्या मंडईले या बाप्पा साऱ्याजणी! पोराबाळाले घेऊन या! म्हणतोच ना आपण?"

म्हणतोच आपण! दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, घराघरात पाहुणे. त्या दिवसांत झाडीपट्टीतला माणूस बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही 'मंडईले या' म्हणून उतरतो. येतं थोडंच कुणी!

"हम तो बताय दिया," रामसहाय दारातून नम्रपणे म्हणाला. "ईमानदारी से."

"किती जण येऊन राह्यले?" भाऊंचा आवाज बसला.

"गाव," भाग्यश्रीनं कप्तानाला विचारून सांगितलं. तिचा चेहरा आता पांढरा पडला होता. "घाटवालं आख्खं गाव."

"अन् त्या चपट्या बेटावरचे?"

"त्याईलेबी म्हटलं," रुखमाबाई पुटपुटली. "एकाले म्हणाव अन् दुसऱ्याले नाई, बरं दिसते का?"

भाऊ मटकन कप्तानाच्या खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर आंबेटोला उभं राहिलं. शब्दाला जागणारी ती पहाडासारखी माणसं हायवेवर बसमधून उतरणार, आणि गावाकडे जाणारा रस्ता शोधणार. जो रस्ता भाऊंनी नारळ फोडून केव्हाच केलेला होता! मग ती सगळी माणसं सकाळी उठणार आणि संडास कुठे आहे ते विचारणार. त्याचाही नारळ फुटलेला होता. ती कोंबडी हरलेली म्हातारी तिथे उभी राहून काय म्हणेल, हे त्यांना आत्ताच ऐकू यायला लागलं.

त्यांनी फोन लावला.

"धनराज! धनराज, ऐक! जुनं सारं विसर. दिवाळीच्या आत गावाले रस्ता पाह्यजे, संडास पाह्यजे, नाली सरळ पाह्यजे! पाहुणे येऊन राह्यले, लांबचे! हे व्हाव लागते बाप्पा, काईबी करून व्हाव लागते!"

पलीकडून, सात समुद्र ओलांडून, सरपंच धनराजचा ताजातवाना, निश्चिंत आवाज आला.

"काऊन टेन्शन घेता भाऊ? होऊन जाते! ए पत्रू, एक नारळ घेऊन ये बे!"